टॅगवर ९ए लिहिलं होतं

डीजेगिरी शिकताय, बीटमॅचिंग (दोन ट्रॅकचा वेग जुळवणं) जमतंय, फ्रेझ (ट्रॅकचे ठरावीक लांबीचे तुकडे) मोजता येतात आणि कॅमलॉट चाक (प्रत्येक कीला, म्हणजे स्वरपट्टीला, १ ते १२ आकडा आणि मायनरला ए, मेजरला बी देणारा तक्ता) पाठ आहे, असं धरून चालतो. पुढच्या ट्रॅकसाठी शेजारचा आकडा घ्यायचा, नाहीतर त्याच आकड्यावर ए-बी अदलाबदल करायची, एवढं पाच मिनिटांत कुणालाही कळतं. मलाही कळलं होतं. तरी माझ्या पहिल्या लांब सेटमध्ये सगळे आकडे जुळत असताना मिक्स बेसूर झालं.

वाजत होता तो ट्रॅक १०ए, म्हणजे बी मायनर. पुढे लावायचा होता एका जुन्या व्होकल ट्रान्सचा प्रोग्रेसिव्ह रिमिक्स, १३२ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १३२ ठोके. सॉफ्टवेअरने त्याच्या टॅगवर, म्हणजे फाइलच्या नोंदीत, ९ए लिहिलेलं, ई मायनर. शेजारचंच घर. इंट्रो आत घेतली, बेसची अदलाबदल केली, सगळं मऊसूत. मग मला हुशारी सुचली. आधीच्या १०ए ट्रॅकची लीड, म्हणजे मुख्य धून, लूपवर फिरवत धरून ठेवली, रिमिक्सच्या ब्रेकडाउनवर (ताल थांबून सुरावट उघडी पडते तिथे) ती छान तरंगेल म्हणून. ब्रेकडाउन उघडला आणि दोन सूर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. घाबरून मी फिल्टर फिरवला, तोही उलट्या बाजूला, त्यामुळे बेस गेला आणि भांडण तेवढं उरलं. ते आठवलं की अजून कान तापतात.

घरी येऊन तासभर तोच तुकडा ऐकला तेव्हा कुठे उलगडलं. रिमिक्स करणाऱ्याने पहिली तीन मिनिटं बेसलाइन एकाच सुरावर रोवली होती, ई. वर छोटासा स्टॅब, म्हणजे तुटक ठोका, त्यातही फक्त ई आणि बी. म्हणजे मेजर की मायनर हे सांगणारा गंधारच नाही. ट्रॅकभर सगळ्यात जास्त ऐकू येतो तो ई, म्हणून सॉफ्टवेअरने ई मायनर ठरवून टाकलं. पण मूळ गाण्याच्या कॉर्ड ब्रेकडाउनमध्ये आल्या त्या ए मायनर, एफ, सी, जी. खरा सा होता ए हा सूर. ई हा त्याचा पंचम. ट्रॅक ८एचाच होता, तीन मिनिटं पंचमावर उभा राहिलेला.

आता सूर मोजा. बी मायनर आणि ई मायनरमध्ये सातांपैकी एकच सूर वेगळा: सी शार्पच्या जागी सी. बी मायनर आणि ए मायनरमध्ये दोन: सी आणि एफ. माझ्या लीडमध्ये एफ शार्प लांब ताणलेला आणि खालून एफ मेजरची कॉर्ड. अर्ध्या सुराची टक्कर, तीही किक ड्रम नसताना, जिथे लपायला जागाच नसते.

म्हणून रिमिक्सच्या टॅगवर विसंबू नका. मूळ गाण्याची की माहीत असेल तर तिच्यावरही नको. व्होकल वरखाली सरकवून बसवणं रिमिक्समध्ये नेहमीचं आहे. ब्रेकडाउन एकटा वाजवा, तोंडाने सा धरा, कीबोर्डवर तो शोधा, मग गंधार कोमल की शुद्ध ते पाहा. टॅगमध्ये दोन नोंदी करा, ग्रूव्ह (तालाचा भाग) ९ए, ब्रेकडाउन ८ए, आणि सूर बदलतो तिथे क्यू पॉइंट, म्हणजे खूण, लावा. एका ट्रॅकला दहा मिनिटं जातात. कंटाळवाणं आहे, पण करावंच लागतं.

मला शिकवणारे एक सीनियर कुठल्याही प्रश्नाला ‘कान वापर’ एवढंच सांगायचे. खरंच आहे, पण कानाने शोधायचं काय? असे गुरू सेट ऐकायला उत्तम, शिकायला नव्हेत. आणि चाकावर सात घरं पुढे उडी मारून ‘एनर्जी वाढवा’ सांगणारे आणखी वेगळे. ८एवरून ३ए म्हणजे सगळं अर्धा सूर वर. झटकन कट मारलात तर चालून जाईल. मिनिटभराच्या ट्रान्स ब्लेंडमध्ये हसं होईल.

की लॉक (वेग बदलला तरी सूर न बदलू देणारी सोय) बंद असेल तर आणखी एक भानगड. टेम्पो सुमारे ६ टक्के वाढवला की ट्रॅक अर्धा सूर चढतो. १३२चा १३६ केलात, म्हणजे ३ टक्के, तर तो दोन कीच्या मधोमध लटकतो आणि चाकावर त्याला घरच उरत नाही. लॉक चालू ठेवा, विषय संपला.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. किक, हॅट, शेकर यांना की अशी फारशी नसते. १३२ बीपीएमला ३२ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) नुसता ड्रमचा आउट्रो, म्हणजे शेवटचा भाग, ५८ सेकंद चालतो. तेवढ्यात कुठल्याही की निभावून नेता येतात. भांडण होतं ते मेलडीवर मेलडी चढवली की. पहिले काही महिने चढवूच नका.

तो रिमिक्स मी टाकून दिलेला नाही. आता तो ८एच्या ट्रॅकनंतर लावतो. आधीची लीड त्याच्या ब्रेकडाउनवर खुशाल तरंगते. आउट्रोमध्ये परत नुसता ई आणि बी उरतात, तेव्हा १०ए आत घेतो. चाकावरची दोन घरं ओलांडली जातात आणि कुठेच खडा लागत नाही.