जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलताय? आधी शेवटचं अक्षर बघा

माझ्या थिंकपॅड टी४४०पी लॅपटॉपमध्ये आय५-४३००एम प्रोसेसर होता. इंटेलच्या या चौथ्या पिढीत नावाच्या शेवटी ‘एम’ किंवा ‘एमक्यू’ असेल तर प्रोसेसर सॉकेटमधून (बोर्डावरच्या खाचेतून) निघतो. ‘यू’ असेल तर तो बोर्डावर सोल्डर केलेला, म्हणजे कायमचा डाक दिलेला, नाद सोडा. मी जुन्या बाजारातून आय७-४७०२एमक्यू आणला. चार कोअर (एकाच वेळी काम करणारे चार भाग), तरी वॅट जुन्याइतकेच, ३७. म्हणून पंख्यावर जादा भार नाही. सॉकेटचा स्क्रू अर्धा फिरवा, चिपच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवा, चिप अलगद ठेवा. दाबू नका, पिन वाकते! वर मुगाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता पुढे नेणारा लेप.

फरक? व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना भरपूर. ब्राउझर, एक्सेल जैसे थे. तुमच्यात अजून हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण) टाका, प्रोसेसरचं नंतर बघू.