फक्त डोळे हलतात अशा माणसाशी बोलायचं कसं: घरच्या घरी अक्षरतक्ता

एएलएस (हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार) किंवा मेंदूच्या स्ट्रोकमध्ये हातपाय आणि आवाज गेला तरी बऱ्याच जणांची नजर हलत राहते आणि तेवढ्यावर मनातलं सगळं सांगता येतं. नजरेवर चालणारं मशीन महाग असतं, ते येईल तेव्हा येईल, तक्ता आजच करा.

१. आधी हो-नाही ठरवा. पापणी आपोआपही मिटते म्हणून ती खूण नको. वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. काही स्ट्रोकमध्ये नजर डावी-उजवी जात नाही पण वरखाली जाते, तिथेही हे चालतं.

२. मोठ्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने वर्णमाला लिहा. आपली अक्षरं आधीच ओळींत बसलेली आहेत, स्वर, क, च, ट, त, प, मग य र ल व आणि शेवटी श ष स ह ळ क्ष ज्ञ. ओळींना १ ते ८ नंबर द्या. बाजूला ‘कूस बदला’, ‘लाळ पुसा’, ‘दुखतंय’ आणि ‘चुकलं, परत पहिल्यापासून’ हे लिहाच, शेवटचं तर हवंच हवं.

३. आता तुम्ही ओळी वाचा, "एक? दोन?", प्रत्येकाला दोन सेकंद थांबा, वर बघितलं की त्या ओळीतली अक्षरं एकेक म्हणा. काना-मात्रा सुरुवातीला सोडून द्या. प, ठ आलं की विचारा "पाठ?", हो म्हटलं की पुढे ख, ज, "खाजतेय?" झालं काम. आलेलं अक्षर लगेच कागदावर लिहा. पण अंदाज सांगून उत्तराची वाट बघा हो, त्यांचं वाक्य आपणच पुरं करून उठून जाऊ नका, बोलणं त्यांचं आहे.

४. हे जमलं की फोन. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये स्विच अ‍ॅक्सेस असतं, बऱ्याच नवीन फोनमध्ये त्यातच कॅमेरा स्विच मिळतो, म्हणजे भुवई उचलणं, हसणं, वर बघणं यावर स्क्रीन चालते. आयफोन १२ किंवा पुढचा असेल आणि आयओएस १८ किंवा त्यापुढचं असेल तर आय ट्रॅकिंग, म्हणजे नजरेने स्क्रीन चालवणं, फोनमध्येच आहे. उजेड चेहऱ्यावर हवा आणि फोन स्टँडवर घट्ट, हातात धरून नाही जमत.

५. हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली तर तक्ता सोबत द्या, उशाशी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा: ‘मला सगळं ऐकू येतं, समजतं. वर बघितलं म्हणजे हो, खाली म्हणजे नाही.’ ड्युटी बदलली की नवीन सिस्टरला एकदा समोर करून दाखवा.