सौरघटासाठी सिलिकॉन वेफरवर सूक्ष्म पिरॅमिड कसे उठवावेत

गुळगुळीत सिलिकॉन अंगावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे एक तृतीयांश परत फेकते. पृष्ठभागावर पिरॅमिड असले, की एका उतारावरून परतलेला किरण शेजारच्या उतारावर आदळतो आणि त्याला आत शिरण्याची दुसरी संधी मिळते. पुढील पद्धत (१००) दिशेच्या एकस्फटिकी वेफरसाठीच, म्हणजे सिलिकॉनच्या अखंड एका स्फटिकातून कापलेल्या पातळ चकतीसाठीच आहे; कंसातले आकडे स्फटिकातल्या अणूंच्या थरांची (प्रतलांची) दिशा सांगतात. बहुस्फटिकी वेफरमध्ये स्फटिककणांच्या दिशा वेगवेगळ्या असल्याने तिथे आम्लाचा मार्ग धरावा लागतो.

प्रथम वेफर कापताना करवतीने पृष्ठभागाला झालेली इजा तीव्र, गरम अल्कलीत काढून टाकावी. त्यानंतर विआयनित (विरघळलेले क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हळूहळू घालून साधारण २ टक्के द्रावण करावे, त्यात सुमारे ५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळावे आणि ८० अंश सेल्सियसच्या आसपास वेफर अर्धा तास बुडवून ठेवावा. अल्कली (१११) प्रतले फार सावकाश खाते, म्हणून तीच शिल्लक राहून ५४.७ अंशांचे उतार तयार होतात. अल्कोहोल हायड्रोजनचे बुडबुडे पृष्ठभागाला चिकटू देत नाही. मात्र ते ८२ अंशांना उकळत असल्याने सतत उडून जाते, तेव्हा भांडे झाकावे आणि अधूनमधून भर घालावी. हायड्रोजन आणि अल्कोहोलची वाफ दोन्ही ज्वलनशील असल्याने हे काम धूरकपाटातच (वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात), चष्मा व हातमोजे घालून करावे.

शेवटी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने पोटॅशियमचे अंश काढून वेफर भरपूर पाण्याने धुवावा. तो सगळीकडे सारखा, मंद करडा दिसला पाहिजे. चकाकणारे डाग म्हणजे तिथे पिरॅमिड उगवलेच नाहीत.