नावाच्या शेवटचं 'एस्क्वायर' कसं वाचावं, कसं लिहावं

जुनं सरकारी गॅझेट किंवा ब्रिटिश अमदानीतला एखादा लिफाफा चाळताना इंग्रजी नावाच्या शेवटी ई, एस, क्यू अशी तीन अक्षरं दिसतात. हे 'एस्क्वायर'चं लघुरूप. आपल्याकडे अनेक घरांत "पणजोबांना साहेबाने किताब दिला होता" या गोष्टीला आधार म्हणून असाच लिफाफा पुढे केला जातो. त्यावर विश्वास ठेवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

१. कागद कधीचा आहे ते बघा.
मध्ययुगात एस्क्वायर म्हणजे नाइटची, म्हणजे घोड्यावरून लढणाऱ्या मानाच्या योद्ध्याची, ढाल वाहणारा, त्याच्या हाताखाली तयार होणारा तरुण. पुढे लढायांची रीत बदलली, ढाली गेल्या आणि सामाजिक दर्जा तेवढा उरला: नाइटच्या खाली, साध्या 'जंटलमन'च्या वर. नाइटचा थोरला मुलगा, जस्टिस ऑफ द पीस (गावपातळीवरचा मानद न्यायाधीश), बॅरिस्टर अशांना तो मिळे. खरे हक्कदार कोण, यावर इंग्लंडातच वाद होते. तरी सतराव्या शतकातल्या इंग्लिश कागदात हा शब्द असेल, तर माणूस वजनदार होता असं धरायला हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र तो पातळ होत गेला. कुठल्याही प्रतिष्ठित पुरुषाला पत्र पाठवताना एस्क्वायर लिहायचं, 'मिस्टर' दुकानदार-कारागिरांसाठी ठेवायचं, असा शिरस्ता पडला. तोच हिंदुस्थानात आला. गांधीजींच्या नावापुढेही पत्रांत एस्क्वायर सापडतं; ते बॅरिस्टर होते खरे, पण सरकारने दिलेला तो काही किताब नव्हता. म्हणून पणजोबांचा किताब शोधायचाच असेल तर रावसाहेब, रावबहादूर यांची सनद शोधा. लिफाफ्यावरून कळतं ते एवढंच, की लिहिणाऱ्याने त्यांना आदराने संबोधलं.

२. लिहायचंच असेल तर जागा सांभाळा.
एस्क्वायर येतं नावानंतर, स्वल्पविराम देऊन, आणि 'मिस्टर'च्या ऐवजी. दोन्ही एकदम लावणं ही सर्रास दिसणारी चूक. आधीच 'सर', 'डॉक्टर' किंवा 'रेव्हरंड' असेल तर एस्क्वायर नको. पद किंवा पदवीची अक्षरं त्याच्याही नंतर येतात: 'जॉन स्मिथ, एस्क्वायर, एम.पी.'

हे सगळं लिफाफ्यावर आणि पत्त्यात. आतल्या पत्राची सुरुवात 'डिअर मिस्टर स्मिथ' अशीच करायची. बोलताना कुणालाही एस्क्वायर म्हणून हाक मारत नाहीत. आणि ते स्वतःच्या सहीत लावू नये. आपणच आपल्याला 'श्रीयुत' म्हणवून घेतल्यासारखं ते दिसतं.

३. देश बघा.
ब्रिटनमध्ये हे परंपरेने फक्त पुरुषांसाठी, आणि आता रोजच्या पत्रव्यवहारातून जवळपास गेलेलं. अमेरिकेत उलट: तिथे ते वकिलांना लावतात, बाईंनाही. न्यू जर्सीत वकिली करणाऱ्या भाचीच्या कार्डावर हा शब्द दिसला तर त्यात सरदारकी शोधू नका. स्वतःच्या कार्डावर ते छापावं का, यावर तिथेही मतभेद आहेत. परवाना नसताना लावणं मात्र खरोखर अंगाशी येऊ शकतं, कारण वाचणारा त्या माणसाला वकील समजतो.

४. 'स्क्वायर'शी गल्लत करू नका.
मूळ एकच, पण स्क्वायर म्हणजे इंग्लिश खेड्यातला मोठा जमीनदार. तो शब्द नावाच्या आधी येतो आणि बोलण्यातही चालतो.

५. मराठीत उतरवताना
एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या पत्राचं भाषांतर करत असाल तर सरळ 'श्री.' किंवा 'रा. रा.' लिहा. सतराव्या शतकातलं मृत्युपत्र किंवा वंशावळ असेल तर 'एस्क्वायर' तसंच ठेवा आणि एका ओळीची तळटीप द्या.