‘ओजीडी’चं पूर्ण नाव न अडखळता कसं म्हणायचं?

घाटीतून (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजमधून आलेल्या कागदावर ‘ओजीडी स्कोपी’ असतं, घरचे म्हणतात, “दुर्बीण टाकून बघितली.” नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत पूर्ण नाव विचारलं, की मराठी माध्यमाची लेकरं मध्येच अडकतात: ईसॉफगोगॅस्ट्रोड्युओडिनॉस्कोपी.

शब्द शेवटाकडून फोडा. ‘स्कोपी’ म्हणजे आत पाहणं. आधीची तिन्ही नावं अवयवांची, तीही दुर्बीण ज्या वाटेने उतरते त्याच क्रमाने: ‘ईसॉफग’ अन्ननलिका, ‘गॅस्ट्र’ जठर, ‘ड्युओडिन’ लहान आतड्याची सुरुवात. मधले ‘ओ’ नुसते सांधे. पुढचा तुकडा स्वराने सुरू झाला, की सांधा गळतो, म्हणून ‘गॅस्ट्रायटिस’. ‘ड्युओडिन’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘बारा’ आहे: बारा बोटं शेजारी-शेजारी आडवी ठेवावीत एवढी लांबी, साधारण २५ सेंटिमीटर.

योगायोगाने उच्चाराचे तुकडेही बाराच:

ई-सॉ-फ-गो-गॅस्-ट्रो-ड्यु-ओ-डि-नॉस्-को-पी

मुख्य जोर ‘नॉस्’वर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. एन्डॉस्कोपी, कोलोनॉस्कोपी, लॅपरॉस्कोपी, सगळ्यांचं तेच. मराठीच्या सवयीने बाराही तुकडे सारख्याच वजनाने म्हटले, तर शब्द रेल्वेच्या डब्यांसारखा खडखडतो. सराव उलटा करा: आधी ‘नॉस्कोपी’, मग ‘ड्युओडिनॉस्कोपी’, मग ‘गॅस्ट्रोड्युओडिनॉस्कोपी’, शेवटी पूर्ण. दर वेळी नवा तुकडा पुढे लागतो आणि पाठ झालेल्या शेवटावर येऊन टेकतो, त्यामुळे दम शेवटी तुटत नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. ‘ड्यु-ओ’चं ‘ड्यो’ होतं, एक तुकडा गिळला जातो. ‘गो’ आणि ‘गॅस्’ लागोपाठ आले, की ‘गो’ जातो. आणि ‘इस्टेशन’ म्हणणारी जीभ ‘इस्कोपी’ म्हणते. इथे ‘स्’ आधीच्या ‘नॉ’ला चिकटवला, की ‘इ’ला जागाच उरत नाही.

स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं असेल तर सुरुवातीला ‘ओ’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. ओजीडीतला ‘ओ’ तोच. अमेरिकी पुस्तकांत तो गाळतात, म्हणून तिथे ईजीडी, तपासणी एकच.

जपायची जागा वेगळीच आहे. ‘गॅस्ट्रॉस्कोपी’ म्हणजे जठरात पाहणं. ‘गॅस्ट्रॉस्टोमी’ म्हणजे पोटावरून थेट जठरात वाट करणं, बहुधा नळीने अन्न देण्यासाठी. दोन्हींत तुकडे चार, जोरही ‘ट्रॉस्’वरच; फरक फक्त शेवटच्या दोन तुकड्यांच्या व्यंजनांचा. फोनवर निरोप घेताना ‘कोपी’ की ‘टोमी’, हे परत विचारून घ्या.