कोरड्या हवेत प्रस्तरारोहण करताना बोटांच्या टोकांची निगा

प्रस्तरारोहकांना त्वचेविषयी मिळणारे बहुतेक सल्ले घामट हात गृहीत धरून दिलेले असतात. चॉक (हातांचा घाम शोषणारे पांढरे चूर्ण) भरपूर लावा, हात कोरडे ठेवा, कातडी कडक होऊ द्या, असे सांगितले जाते. अमेरिकेतील जोशुआ ट्री किंवा जॉर्डनमधील वादी रमसारख्या वाळवंटी भागात, किंवा कडक थंडीच्या कोरड्या हवेत, हेच सल्ले पाळत राहिले तर थोड्याच दिवसांत बोटांची टोके काचेसारखी गुळगुळीत होतात, बारीक होल्डवरून (खडकावरील पकडण्याच्या जागांवरून) निसटू लागतात आणि त्यानंतर भेगा पडतात. अशा हवेत त्वचेतले पाणी टिकवणे हेच मुख्य काम असते आणि ते भेग पडण्यापूर्वी सुरू करावे लागते.

तळहात आणि बोटांच्या टोकांवर घर्मग्रंथी दाट असल्या तरी तैलग्रंथी मुळीच नसतात, त्यामुळे शरीरावर इतरत्र असणारे नैसर्गिक तेलाचे आवरण येथे मिळत नाही. सर्वांत बाहेरच्या मृत पेशींच्या थराची लवचीकता त्यातील पाण्यावर अवलंबून असते आणि हे प्रमाण साधारण 10 टक्क्यांच्या खाली गेले की तो थर ठिसूळ होतो. कोरडी हवा हे पाणी सतत ओढून घेत असते. त्यात भर पडते ती चॉकची. 1950च्या दशकात जॉन गिल या अमेरिकी आरोहकाने जिम्नॅस्टिक्समधून प्रस्तरारोहणात आणलेले हे मॅग्नेशियम कार्बोनेटचे चूर्ण ओलावा शोषण्यासाठीच वापरले जाते आणि घाम नसेल तेव्हाही ते आपले काम करीतच राहते. लिक्विड म्हणजे द्रवरूप चॉकमध्ये बहुधा अल्कोहोल असते, म्हणून कोरड्या प्रदेशात ते शक्यतो वापरू नये.

चढण्यापूर्वी अंगठा तर्जनीच्या टोकावर हलकेच फिरवून पाहावा. निरोगी त्वचा किंचित चिकटते, तर अति कोरडी त्वचा घसरते आणि तिला चकाकी दिसते. अशी त्वचा कडक असल्यामुळे खडकाच्या बारीक उंचसखलपणात नीट दबत नाही आणि चॉक वाढवले की पकड आणखी बिघडते. यावर साधा उपाय म्हणजे पिशवीत एक ओलसर फडके ठेवावे, त्यावर बोटे टेकवावीत, अर्धा मिनिट थांबून वरचे पाणी उडू द्यावे आणि मग चॉकचा अगदी पातळ थर लावून जास्तीचे झटकून टाकावे. फडके जवळ नसेल तर बोटांवर तोंडाची वाफ सोडली तरी थोडा फरक पडतो. ओलावा फक्त बोटांना द्यावा, खडकाला नव्हे. वालुकाश्म ओला झाला की कमजोर होतो आणि त्यावरील होल्ड तुटू शकतात.

दिवसभराचे चढणे संपल्यावर पुढची एक-दोन तासांची निगा सर्वांत महत्त्वाची असते आणि तिचा क्रम चुकवू नये. हातांवरचे चॉक जितके लवकर धुता येईल तितके चांगले, पण गरम पाणी आणि तीव्र साबण टाळावेत, कारण दोन्हींमुळे त्वचेतील उरलेसुरले स्निग्ध घटकही निघून जातात. हात टिपून घ्यावेत, पूर्ण वाळवू नयेत. त्या ओलसर त्वचेवर ग्लिसरीन किंवा 5 ते 10 टक्के युरिया असलेले क्रीम लावावे, कारण हे घटक पाणी धरून ठेवतात. ते मुरल्यावर वरून मधमाशांच्या मेणाचे मलम किंवा पेट्रोलियम जेली लावून ते पाणी आत कोंडावे. मेणात स्वतःचे पाणी नसते, त्यामुळे कोरड्याठाक बोटांवर नुसते मेणाचे मलम चोळणाऱ्यांना त्याचा गुण येत नाही. रात्री वरून पातळ सुती हातमोजे घातले तर मलम अंथरुणाला न लागता बोटांवरच राहते. सकाळी चढण्याच्या आधी मात्र काही लावू नये, कारण त्वचा मऊ पडून लवकर झिजते आणि खडकावरही तेलकट डाग राहतात.

घट्ट्यांच्या कडा आणि उचललेले पापुद्रे ओढून काढू नयेत. 120 ते 220 क्रमांकाच्या सँडपेपरने किंवा नखांच्या कानशीने ते कोरड्या हातांवर हलकेच घासून सपाट करावेत. ओल्या, मऊ झालेल्या त्वचेवर नेमके किती घासले गेले हे कळत नाही आणि जरुरीपेक्षा जास्त निघते. उद्देश फक्त उंचवटे काढण्याचा असावा, कारण बहुतेक भेगा जाड आणि पातळ त्वचेच्या सीमेवरच सुरू होतात.

भेग पडलीच तर ती स्वच्छ धुवावी, तिच्या कडक कडा घासून उतरत्या कराव्यात आणि पेट्रोलियम जेली लावून पट्टीने झाकावी. झाकलेली, ओलसर राहिलेली जखम उघडी वाळवलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. वरवरच्या भेगेवर टेप गुंडाळून सोपे चढ चढता येतात, परंतु टेप इतका आवळू नये की बोटाचे टोक निळसर पडेल. बाजारातील साध्या सुपरग्लूने भेग चिकटवण्याची पद्धत आरोहकांमध्ये रूढ आहे, तरी मी तिची शिफारस करणार नाही. तो गोंद त्वचेला दाह करतो आणि कडक होऊन शेजारी नवी भेग पाडतो. रक्त येत असेल तर त्या दिवशी चढणे थांबवावे. लाली पसरत गेली, सूज, ठणका किंवा पू दिसला तर डॉक्टरांकडे जावे, आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

घाम कमी करण्यासाठी मिथेनामाइन असलेली क्रीमे काही आरोहक वापरतात. ज्यांच्या बोटांना कोरड्या हवेत आधीच भेगा पडतात, त्यांनी ती अजिबात लावू नयेत. त्यांचा परिणाम अनेक दिवस टिकतो आणि एकदा लावले की तो लगेच मागे घेता येत नाही.

शेवटी दिवसाच्या आखणीकडे यावे. वरच्या त्वचेचे पूर्ण नूतनीकरण व्हायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून सहलीची तयारी तितक्या आधीपासून रोजच्या क्रीमने करावी. टोके गुलाबी होऊन हुळहुळू लागली की त्याच दिवशी धारदार स्फटिकांचे मार्ग सोडून पायांवर भर देणाऱ्या, कमी उभ्या कातळांवरील चढांकडे वळावे. दोर हाताळताना हातमोजे घालावेत. भरपूर पाणी पिणे शरीरासाठी आवश्यकच आहे, पण त्याने बोटांची टोके मऊ होतील ही अपेक्षा ठेवू नये. खडकापासून काही आठवडे दूर राहूनही भेगा पडतच असतील, तर ते इसब असू शकते आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना हात दाखवावेत.