लिस्टेरियाच्या पेशीप्रवेशावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करून, नेट उत्तीर्ण होऊन जे विद्यार्थी अन्नजन्य रोगजंतूंच्या संशोधनाकडे वळतात, त्यांचे लक्ष बहुधा जिवाणूवरच खिळलेले असते. माझे काम लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस या जिवाणूवर झाले आणि त्यातून माझे मत असे बनले की, या क्षेत्रात येणाऱ्याने जिवाणूइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वेळ यजमान पेशी, म्हणजे जिच्यात जिवाणू शिरतो ती पेशी, समजून घेण्यात घालवावा. जिवाणूचे प्रथिन एकटे काहीच करत नाही; त्याला पेशीच्या पृष्ठभागावर नेमका जोडीदार मिळाला, तरच प्रवेश घडतो.

लिस्टेरिया फ्रिजच्या तापमानालाही वाढतो, हे त्याचे मोठे उपद्रवमूल्य. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या, शिजवून विकल्या जाणाऱ्या मांसपदार्थातून त्याची जी साथ आली, तिच्यात एक हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. आतड्यातून शरीरात शिरण्यासाठी हा जिवाणू इंटर्नालिन-ए हे प्रथिन वापरतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील पास्कल कोसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्याचे जनुक प्रसिद्ध केले. ते जनुक एरवी पेशीत न शिरणाऱ्या लिस्टेरिया इनोक्युआत घातले, तर तोही शिरू लागतो, हा त्या कामातला सर्वांत बोलका पुरावा होता. पुढे या प्रथिनाचा जोडीदार ई-कॅडहेरिन असल्याचे सिद्ध झाले. शेजारच्या पेशींना परस्परांशी बांधून ठेवणारे हे आपलेच प्रथिन इंटर्नालिनला चिकटले की, पेशीचा पडदा जिवाणूभोवती घट्ट लपेटत जातो आणि त्याला आत घेतो.

आता पेशीकडे वळू. माणसाच्या ई-कॅडहेरिनमध्ये सोळाव्या स्थानी प्रोलिन हे अमिनो आम्ल असते, तर उंदराच्या ई-कॅडहेरिनमध्ये त्याच जागी ग्लुटामिक आम्ल असते, आणि एवढ्या फरकाने इंटर्नालिन-ए उंदराच्या पेशीला ओळखेनासे होते. हे १९९९ मध्ये कळले. त्याआधी वर्षानुवर्षे उंदरांना तोंडावाटे लिस्टेरिया देऊन काढलेल्या निष्कर्षांकडे त्यामुळे नव्याने पाहावे लागले. गिनिपिगमध्ये गंमत उलटी आहे. त्याचे ई-कॅडहेरिन चालते, पण इंटर्नालिन-बी हे दुसरे प्रथिन ज्या मेट नावाच्या ग्राहीला (पेशीच्या पृष्ठभागावरील, संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला) धरते, त्या ग्राहीचे गिनिपिगमधील रूप त्याला ओळखता येत नाही. म्हणून मुलाखतीत तुम्हाला ‘कोणता प्राणी वापराल?’ असे विचारले, तर उत्तराआधी कोणत्या प्रथिनाचा अभ्यास करायचा आहे, हे उलट विचारण्यास संकोच करू नये.

पेशींच्या बाबतीतही तेच. मानवी आतड्याच्या कॅको-२ पेशींवर ई-कॅडहेरिन भरपूर असते. हेला या, मानवी गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून मिळवलेल्या पेशींवर ते जवळजवळ नसते आणि तिथला प्रवेश मुख्यतः इंटर्नालिन-बीवर अवलंबून राहतो. भारतात या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. कॅको-२चा थर पूर्ण भरून पक्का झाला की, ई-कॅडहेरिन पेशी-पेशींमधल्या सांध्यांमध्ये दडते आणि जिवाणूच्या हाती सहजासहजी लागत नाही. थर विरळ असताना जिवाणू पेशींच्या बेटांच्या कडांना गोळा झालेले दिसतात. धुताना कॅल्शियम नसलेले द्रावण फार वेळ ठेवले, तर सांधे उसवतात आणि आकडे फुगतात. थर किती दिवसांचा होता आणि कशाने धुतला, हे नोंदवहीत लिहिलेले नसेल, तर पुढचे सर्व आकडे निरर्थक समजावेत, इतके हे महत्त्वाचे आहे.

मूळ प्रयोग सोपा वाटतो. जिवाणू पेशींवर सोडायचे, साधारण तासाभराने जेंटामायसिन घालायचे, बाहेरचे मरू द्यायचे, मग पेशी फोडून आत उरलेल्यांच्या वसाहती मोजायच्या. हे प्रतिजैविक मानवी पेशीच्या पडद्यातून फारसे आत जात नाही, या एकाच गोष्टीवर सारी रचना उभी आहे. प्रयोगाच्या आदल्या दिवशीपासून माध्यमातले पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन काढून टाकावे, हे प्रत्येकाला सांगावे लागते. फार वेळ थांबल्यास तुम्ही प्रवेश नव्हे, तर आतली वाढ मोजत असता, कारण आत घेतला जाताना लिस्टेरियाभोवती पडद्याचा जो कप्पा बनतो, तो फोडून तो पेशीद्रवात येतो आणि तिथे विभागू लागतो. म्हणून शेजारी सूक्ष्मदर्शकाची पडताळणी हवीच. पेशींना छिद्रे पाडण्यापूर्वी एका रंगाची प्रतिपिंडे आणि नंतर दुसऱ्या रंगाची लावली की, बाहेरचे जिवाणू दोन्ही रंगांत उजळतात आणि आतले एकाच रंगात दिसतात. हे चित्र पाहिल्याशिवाय मी कुणाच्या आकड्यांवर विसंबत नाही.

साल्मोनेला या दुसऱ्या अन्नजन्य जिवाणूची तऱ्हा वेगळी आहे. तो सुईसारख्या स्रावयंत्रणेने सोप-ई सारखी प्रथिने थेट पेशीत टोचतो, पेशीचा सांगाडा ढवळतो आणि पडद्याच्या उसळलेल्या लाटांसोबत आत ओढला जातो. दोन्ही जिवाणू एकदमच शिकायला घेऊ नयेत.

कामाची परवानगी, म्हणजे जनुकबदल असल्यास संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता, आधी घ्यावी. गर्भवती असलेल्यांनी किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी लिस्टेरियाच्या जिवंत संवर्धनावर काम करू नये. हा जिवाणू अपरेपर्यंत, म्हणजे गर्भाच्या वारेपर्यंत, पोहोचतो, त्यामुळे याबाबत मार्गदर्शकाशी स्पष्ट बोलण्यात भीड ठेवू नये.

अन्नातून मिळवलेल्या लिस्टेरियाच्या अनेक स्ट्रेनमध्ये (उपप्रकारांमध्ये) इंटर्नालिन-एचे जनुक मध्येच थांबणाऱ्या संकेतामुळे अपुरे राहिलेले असते आणि तयार झालेले प्रथिन पृष्ठभागाला चिकटून राहत नाही. प्रयोगशाळांत पुष्कळ वापरला गेलेला एलओ२८ हा स्ट्रेनही याच प्रकारचा आहे. तेव्हा नवा स्ट्रेन हाती आला की, प्रथम त्या जनुकाचा क्रम वाचून घ्यावा आणि मगच कॅको-२ची कुपी गोठणपेटीतून बाहेर काढावी.